तुसाच्या ढिगावरची शाळा

पनवेलात सायकल चालवणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाच्या गुडघ्यावर व्रण नसेल, तर तो माझ्याकडे शिकला असं खुशाल समजावं. या गोष्टीचा मला बरीच वर्षं अभिमान होता. आता तिची थोडी लाज वाटते. संपादकांनी ‘धंद्यातले चार अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा चार काही आठवेनात, ही लाजच आधी आठवली, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

माझं सायकलचं दुकान उरण नाक्याजवळ होतं. बारा सायकली, दोन पंप, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि भिंतीवर टांगलेले जुने टायर, एवढा संसार. सायकल तासावर द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती मोडून आणली की दुरुस्त करायची, हा धंदा. सायकल परत आली की मी आधी माणसाकडे बघत नसे, पुढच्या चाकाकडे बघत असे. चाक उचलून फिरवायचं. सरळ फिरलं तर ठीक. लचकत फिरलं तर चाकात ‘आउट’ आली, म्हणजे तारा ढिल्या-घट्ट झाल्या, म्हणजे स्वारी कुठेतरी आदळली. गिऱ्हाईक सांगत असायचं, “छे छे, पडलो कुठे, नुसता उतरलो.” मी तारांवर बोट फिरवून सांगायचो, “उतरलात खरे, पण तलावाच्या काठावरच्या दगडावर, आणि डाव्या बाजूने.” लोकांना वाटायचं मला काही विद्या येते. विद्या कसली, पनवेलात आदळण्यासारखे दगडच मोजके होते आणि त्यांतले बहुतेक मी स्वतः तपासलेले होते.

सायकल शिकवणं हा माझा जोडधंदा. त्यावरून गाव मला ‘मास्तर’ म्हणू लागलं, आणि मीही ते मनावर घेतलं. माझी पद्धत साधी होती. शिकाऊ माणसाला सीटवर बसवायचं, मागून सीट धरायची आणि पळायचं. खाकी अर्धी चड्डी, पायात वहाणा, आणि तोंडाने “पुढे बघा, पुढे बघा” हा जप. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला एक वचन द्यायचो: “तुम्हाला पडू देणार नाही.” आणि खरंच देत नसे. सीट कधी सोडायची हे मला कळत असे, असं माझं मत होतं.

या मताला पहिला तडा नाना कारकुनांनी दिला. नाना हे एका वकिलांचे कारकून. पन्नाशीचे, काटकुळे, काळी टोपी आणि बगलेत कागदांचं बासन. कचेरीत वेळेवर पोचावं म्हणून सायकल शिकायला आले आणि दोन महिने शिकले. दोन महिने मी त्यांच्यामागे पळालो. शेवटी शेवटी मी सीट सोडून नुसताच मागून पळत असे आणि नाना झकास चालवत असत. मला वाटलं, झालं, पोर तयार झालं. एक दिवस बाजारपेठेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. मी थांबलो. पुढे वीस पावलांवर नाना सायकलसकट एका मडकीवालीच्या दुकानात गेले.

मडकी फुटली त्याचं काही नाही. पण नाना उठून म्हणाले, “मास्तर, तुमच्या वहाणांचा आवाज बंद झाला हो.” तेव्हा उलगडा झाला. नाना सायकल माझ्या वहाणांवर चालवत होते. त्या फटफटल्या की त्यांचा तोल राही. पुढे नानांनी शिकणं सोडलं आणि कचेरीत पायीच जाऊ लागले. रस्त्यात भेटले की म्हणत, “येत होतं हो मला, चांगलं येत होतं.” मी हसून मान डोलावत असे. चूक त्यांची, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

अशा वेळी दुकानाच्या पायरीवर सुभद्राबाई नर्स येऊन उभ्या राहिल्या. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. बाई दवाखान्यात सुईणीचं काम करत. चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, चेहरा असा कडक की इंजेक्शन देण्याआधीच रोगी बरा व्हावा. त्यांना हसताना पाहिलेला माणूस गावात नव्हता. वर्षापूर्वी यजमान गेले होते आणि मुलगी मॅट्रिकच्या वर्गात होती.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “तीन आठवड्यांत सायकल शिकवता?”

मी म्हटलं, “घाई कशाची आहे?”

त्यांनी पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर धरला. वरून हुकूम आला होता. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या नर्सला सायकल आली पाहिजे. दवाखान्याला नवी कोरी लेडीज सायकल मिळालीही होती. तीन आठवड्यांनी डॉक्टर स्वतः समोर चालवायला लावून बघणार आणि वर कळवणार. ज्या नर्सला येणार नाही तिची बदली घाटावरच्या एका मोठ्या रुग्णालयात, जिथे फिरावं लागत नाही.

“बदली झाली तर पोरीची परीक्षा बुडते,” बाई म्हणाल्या. “इथे तिला ठेवायला माझं कोणी नाही. आणि मॅट्रिक झाल्याशिवाय मी तिला चुलीपुढे बसू देणार नाही.” हे त्यांनी औषधाची मात्रा सांगावी तसं सांगितलं. मीही तितक्याच रुबाबात म्हटलं, “काळजी सोडा. तुम्हाला पडू देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानातली एक सायकल घेऊन आम्ही भाताच्या गिरणीमागे जमलो. तिथे एक लांब, सौम्य उतार होता आणि वर्दळ नव्हती. बाईंनी सरकारी पांढरं पाचवारी घरी ठेवून नऊवारी नेसून कासोटा घातला होता. त्या सीटवर बसल्या, मी मागून धरली आणि पळू लागलो. दहा पावलांत माझ्या लक्षात आलं की मी बाईंना धरलेलं नाही, बाई मला घेऊन चालल्या आहेत. उताराने सायकलला वेग आला, माझा हात सुटेना, पायही पुरेनात. उताराच्या टोकाला गिरणीतून बाहेर टाकलेल्या भाताच्या तुसाचा ढीग होता, दोन पुरुष उंच. आधी बाई ढिगात गेल्या, मागोमाग सायकल, आणि सायकलीमागोमाग मी.

मी तूस थुंकत बाहेर आलो. बाई ढिगात कमरेपर्यंत रुतल्या होत्या. केसांत तूस, भुवयांवर तूस. मला वाटलं, आता काही धडगत नाही. आणि सुभद्राबाई हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग खदाखदा. त्यांचं हसू थांबेना, मग माझंही थांबेना.

गिरणीचे मुकादम हसनमियां आवाज ऐकून धावत आले. “क्या हुआ मास्तर? हा तूस वीटभट्टीवाल्यांसाठी हाय. तुमी त्यात नर्सबाई कशाला भरताव?”

बाईंनी डोळे पुसले आणि मला विचारलं, “मास्तर, पडणं पडणं म्हणतात ते एवढंच असतं का?”

मी म्हटलं, “तुसात एवढंच.”

“मग तुम्ही बाजूला उभे राहा,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा पडू द्या.”

इथून आमची शाळा सुरू झाली. बाई सायकल उतारावर चढवून न्यायच्या, बसायच्या, सुटायच्या आणि ढिगात जायच्या. मी नुसता उभा. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडल्या. प्रत्येक वेळी उठून मनाशी काही पुटपुटायच्या: “हॅंडल आवळलं”, “खाली बघितलं”, “पायडल उलटं मारलं.” दर खेपेला चूक नवी. जुनी चूक परत झाली की स्वतःवर चिडायच्या. चौथ्या दिवशी मी काही सुचवायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली आणि मी इथे खांबासारखा उभा. पण गंमत अशी की माझा पाय तिथून निघेना. वीस वर्षांत मी पहिल्यांदाच कोणाला सायकल शिकताना समोरून बघत होतो. आजवर मला फक्त पाठी दिसल्या होत्या.

बाजाराला निघालेल्या गावाकडच्या बाया डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन तिथे थबकत. एक म्हातारी मला म्हणाली, “आमी मगापासून बघताव. ही बाय पडते नि हसते, पडते नि हसते. बरी हाय ना?”

मी म्हटलं, “शिकतेय, आजी.”

“काय, पडायला?” म्हातारी म्हणाली. “ते आमाला न शिकताच येतंय.” आणि पाटी सावरत निघून गेली.

आठव्या दिवशी बाई उतारावर सुटल्या, आणि ढिगाशी येईपर्यंत सायकल एकदाही डुलली नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या उलट्या दिशेने, चढावरून, वळणं घेत फिरू लागल्या. दमल्या की ढिगात जाऊन थांबायच्या. मी तर हवेतच होतो. नव्या पद्धतीचं श्रेय मी निम्मं तरी स्वतःकडे घेतलं होतं, आणि दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की मी आता सगळ्यांना तुसावरच शिकवणार. हसनमियांनी तर बातमी पसरवली की मास्तर बायका पाडतात आणि वर गाव त्यांना मास्तर म्हणतं.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट माझ्या डोक्यातून साफ निसटली. सराव सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या सरावाच्या सायकलचे दोन्ही ब्रेक काढून ठेवले होते. ढिगात घुसताना ब्रेकच्या दांड्या वाकायच्या, आणि बाईंच्या बोटांना लागायचं. तुसात ब्रेक हवेत कशाला, असा माझा विचार. विचार चांगला होता. फक्त पुढे डॉक्टरसाहेब तुसाच्या ढिगात उभे राहणार नव्हते.

परीक्षा शनिवारी सकाळी होती. दवाखान्याच्या फाटकाबाहेर डॉक्टर उभे. तरुण होते, शिस्तीचे, पण मनाने वाईट नव्हते. फाटकापासून निघायचं, तलावाला वळसा घालायचा आणि परत फाटकाशी येऊन उतरायचं, असं ठरलं. कंपाउंडर, दोन-चार रोगी आणि अर्धी गल्ली बघायला. नवी लेडीज सायकल चकाकत होती. बाई पांढऱ्या पाचवारीत, पदर खोचलेला. बसल्या आणि निघाल्या. मी बरोबरच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “बघा आता.”

लोकांनी बघितलं. बाई तलावाला वळसा घालून आल्या, अगदी सरळ, घंटी वाजवत. डॉक्टर कौतुकाने मान हलवत होते. बाई त्यांच्यासमोरून गेल्या आणि पुढे गेल्या.

“उत्साह आहे बाईंना,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या फेरीला बाई आल्या तेव्हा माझ्याकडे बघत होत्या. जवळून जाताना हळूच म्हणाल्या, “मास्तर, थांबायचं कसं?”

बाईंना थांबणं माहीतच नव्हतं. तीन आठवडे त्या दर खेपेला तुसात थांबल्या होत्या. पायडल मारणं सोडलं की सायकल आपोआप मंदावते हेही त्यांना ठाऊक नव्हतं, कारण ढीग नेहमी त्याआधीच यायचा. मी त्यांच्यामागे धावत सुटलो. “ब्रेक दाबा, ब्रेक.” बाईंनी हॅंडल दाबलं, घंटी दाबली, मिळेल ते दाबलं. गर्दी हसू लागली. कोणी म्हणे, मास्तर नर्सबाईंचा पाठलाग का करताय.

तिसऱ्या फेरीत बाई तलावाकडे वळल्याच नाहीत. आपल्या बुद्धीने त्यांनी गिरणीची वाट धरली, ढिगात जाऊन थांबावं म्हणून. मी धापा टाकत मागे. गिरणीमागे पोचलो तर मोकळं मैदान. पहाटेच वीटभट्टीवाल्यांच्या बैलगाड्या येऊन सगळं तूस भरून घेऊन गेल्या होत्या. मैदानात एकटे हसनमियां झाडू घेऊन उभे. “बाई, ढीग गेला,” ते ओरडले, आणि झाडू टाकून तेही आमच्यामागे पळू लागले. आता पुढे बाई, मागे मी, माझ्यामागे हसनमियां, असे आम्ही तिघे भर बाजारातून दवाखान्याकडे निघालो. त्या दिवशी पनवेलात जो हसला नाही तो गावाला गेला असला पाहिजे.

बाई फाटकाशी थांबल्या नाहीत. फाटकातून आत शिरल्या. दर शनिवारी दवाखान्यातल्या गाद्या अंगणात उन्हात घालायचा नियम होता, आणि तो बाईंनीच घालून दिलेला. त्यांनी सर्वांत जाड गादी हेरली, पाय पसरले, हॅंडल सोडलं, हनुवटी छातीशी घेतली आणि कुशीवर अलगद पडल्या, साठ-सत्तर वेळा पडलेल्या माणसालाच पडता येतं तशा. उठल्या, निऱ्या सारख्या केल्या आणि डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

डॉक्टर हसू दाबत होते. पण कागदाशी प्रामाणिक होते. “सुभद्राबाई, चालवता येतं. थांबता येत नाही. मी काय लिहू?”

बाईंनी आडवी पडलेली सायकल उचलून उभी केली. मग डॉक्टरच म्हणाले, “उद्या रविवार. कागद मी सोमवारी पाठवीन. सोमवारी दहाला पुन्हा बघतो.” आणि जाता जाता विचारलं, “तुम्हाला शिकवलं कोणी?”

मी खाली मान घातली. बाई म्हणाल्या, “मीच शिकले. मास्तरांनी सायकल दिली.”

मला ते फार लागलं. सबंध वाटेवर मी धुमसत होतो. तीन आठवडे दुकान टाकून उभा राहिलो त्याचं हे फळ. घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा लक्षात आलं की बाईंनी मला डॉक्टरांपुढे वाचवलं होतं. आणि आणखी थोड्या वेळाने लक्षात आलं की वाचवलं वगैरे काही नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. त्यातली माझ्या हातची गोष्ट एकच होती, ब्रेक काढून ठेवणं, आणि तिचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी गिरणीमागे गेलो. बाई दवाखान्याची सायकल घेऊन आधीच आल्या होत्या, आणि बाजूला एका दगडावर त्यांची मुलगी बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. खाली आता ढीग नव्हता, नुसती कडक जमीन. मी म्हटलं, “बाई, आज तरी मला धरू द्या. लागेल हो.”

“ब्रेक कुठला काय करतो तेवढं सांगा.”

मी सांगितलं. बाई सुटल्या, मधोमध आल्या आणि त्यांनी पुढचाच ब्रेक सगळा जोर लावून दाबला. सायकलचं मागचं चाक उचललं गेलं आणि बाई हॅंडलवरून पलीकडे गेल्या. हनुवटी फुटली. मुलगी पुस्तक टाकून धावली, मी धावलो. दोघांनी हात पुढे केले.

बाईंनी जमिनीवर बसल्या बसल्याच आम्हाला थांबवलं. “हात लावायचा नाही,” त्या म्हणाल्या. रक्त पदराने पुसलं आणि चाकाकडे बघत राहिल्या. “म्हणजे आधी मागचा. मग पुढचा, आणि बेताने.” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “तू काय बघतेस? गणित सुटलं का?” पोरगी डोळे पुसत दगडावर जाऊन बसली. बाई आणखी चारदा पडल्या, दोनदा नुसत्या कलंडल्या, आणि दुपारच्या आत आखलेल्या रेघेवर चाक आणून उभं करू लागल्या. मी त्या सबंध वेळात काय केलं म्हणाल, तर हातांच्या मुठी वळून उभा राहिलो. धंद्यातलं इतकं अवघड काम मी त्याआधी केलं नव्हतं.

सोमवारी दहा वाजता बाई हनुवटीला पट्टी लावून आल्या, तलावाला एक फेरी घातली आणि डॉक्टरांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर सायकल थांबवली. डॉक्टर दोन पावलं मागे सरले होते. बाई जागच्या हलल्या नाहीत. बदली टळली, आणि मुलगी त्या वर्षी मॅट्रिक झाली. पेढे द्यायला दोघी दुकानात आल्या तेव्हा मी घमेल्यापाशी ट्यूब बुडवत बसलो होतो. ट्यूबमधून बुडबुडे निघत नव्हते तरी मी बराच वेळ वर बघितलं नाही.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली, पण पुरती नाही. सीट धरणं सोडलं, तरी हात शिवशिवतच राहिले. शिकाऊ माणूस डुलला की माझा हात आधी पुढे जाई आणि अक्कल मागून येई. ज्यांना मी असं धरून ठेवलं, त्यांत नानांसारखे किती निघाले असतील, याचा हिशेब मला लावता येत नाही. नाना शेवटपर्यंत पायीच गेले. त्यांना एकदा गिरणीमागे न्यायला हवं होतं.

बारा-पंधरा वर्षांनी सुकापूरच्या वाटेवर मला सुभद्राबाई भेटल्या. निवृत्तीला आलेल्या. शेजारच्या शेतात भात झोडून झालं होतं आणि पेंढ्याची उडवी रचलेली होती. दवाखान्यात नवीन आलेली एक नर्स, विशीची असेल, शेताच्या कडेने सायकल शिकत होती. मी माझी सायकल टेकवून बाईंजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, आणि पदराचा शेव मनगटांभोवती दोन वेढे देऊन मुठीत घट्ट धरला होता.

मी विचारलं, “हे काय?”

“हात पुढे जातात हो मास्तर,” बाई म्हणाल्या. “मला वाटायचं ते तुमचंच.”

तेवढ्यात पोरीची सायकल डुलली. मी एक पाऊल टाकलंच होतं. बाईंनी पदराचा वेढा सोडला, माझं मनगट पकडलं आणि घट्ट धरून ठेवलं. पोरगी पडली. पेंढ्यात नाही, चांगली जमिनीवर पडली. आम्ही दोघं एकमेकांना धरून तिथेच उभे राहिलो, आणि बाई हळू आवाजात मला म्हणत होत्या, “थांबा. उठेल ती. थांबा.”